मुलुंड, ठाणे, ऐरोली की डोंबिवली? लहान मुलांसाठी शेजार शोधतोय

दोनपाखरं:

नमस्कार मंडळी,

आम्ही चांदिवलीला भाड्याने राहतो, १७ व्या मजल्यावर. लेक ४ वर्षांची आहे, जूनमध्ये ज्युनिअर केजीत जाईल. मुलगा सव्वा वर्षाचा. माझं ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातले तीन दिवस जावं लागतं. नवऱ्याचं दादरला, रोजचं. करार एप्रिलमध्ये संपतोय आणि या वेळी तो न वाढवता दुसरीकडे जायचं असं आमचं ठरलंय.

घराबद्दल काही तक्रार नाही. खाली बाग आहे, घसरगुंडी आहे, पोहण्याचा तलाव आहे. सोसायटीत मुलंही भरपूर आहेत, पण ती भेटतात फक्त लिफ्टमध्ये. कुणाला खेळायला बोलवायचं तर आधी त्याच्या आईला मेसेज, मग त्याच्या क्लासची वेळ, मग आमची वेळ, असं करत आठवडा निघून जातो. संध्याकाळी खाली बघावं तर मुलांपेक्षा त्यांना सांभाळणाऱ्या मावश्याच जास्त, आणि त्याही आपापल्या फोनवर.

सासूबाई चिपळूणला असतात. वर्षातून काही महिने येतात, पण इथे त्यांना बोलायला कुणी नाही, म्हणून लवकर परत जातात. गणपतीत आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा लेक सकाळी जी बाहेर पडायची ती जेवायलाच उगवायची. कुणाच्या पडवीत खेळतेय ते आजीला नुसत्या आवाजावरून कळायचं. परत आल्यापासून ती कपाटाच्या दारावर टकटक करते आणि आत ठेवलेल्या बाहुलीला विचारते, "येतेस का खेळायला?"

मुंबईजवळ चिपळूणची आळी मिळणार नाही, हे कळतं. पण संध्याकाळी मूल दाराबाहेर पडलं की समोर दुसरं मूल असावं आणि आजूबाजूच्या मोठ्यांना त्याचं नाव माहीत असावं, एवढं तरी हवंय. मुलुंड, ठाणे, ऐरोली, डोंबिवली अशी नावं डोक्यात आहेत. भाडं ४० हजारांपर्यंत देऊ शकतो. दोन-तीन वर्षं राहून बघू आणि रुळलो तर तिथेच घर घेऊ. धाकट्यासाठी पाळणाघरही लागेल. तिथे राहणाऱ्यांनी, विशेषतः मुलं वाढवलेल्यांनी, खरं खरं सांगा.

फडकेरोड:

मी जन्माचा डोंबिवलीकर. पेंडसेनगरात वाढलो आणि आता माझी दोन मुलंही तिथेच वाढतायत.

तुम्ही चिपळूणचं जे लिहिलंत, तसं पेंडसेनगर, टिळकनगर, रामनगर या पट्ट्यात अजून पुष्कळ शिल्लक आहे. जुन्या तीन-चार मजली इमारती, एका जिन्यावर आठ-दहा बिऱ्हाडं, दोन-दोन पिढ्यांची ओळख. माझ्या मुलीची बालवाडीतली मैत्रीण म्हणजे माझ्याच वर्गमित्राची मुलगी. टिळकनगर विद्यामंदिरासारखी मराठी शाळा, वाचनालय, गाण्याचा आणि तबल्याचा क्लास, सगळं पायी. पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा इथल्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली, आणि मग ती गावोगाव गेली. त्या दिवशी सकाळी फडके रोडला या आणि नऊवारी नेसलेल्या चार-पाच वर्षांच्या मुली बघा. आईबापांनी हौसेने आणलेल्या असतात, पण तासाभरात त्या आपापसात इतक्या रमतात की घरी न्यायला ओढून काढावं लागतं.

आता दुसरी बाजू. जलद गाडीने दादर साधारण तासाभराचं आहे, पण सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला गाडीत शिरणं हे वेगळंच काम. इथूनच सुटणारी लोकल धरण्याची सवय लावून घ्यावी लागते. तुम्हाला ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरने ऐरोली. मूल तापाने फणफणलंय असा पाळणाघरातून फोन आला तर तुमच्यापैकी कुणीच तासाच्या आत घरी पोचणार नाही, याचा विचार आधी करा. आम्हाला ते जमतं, कारण माझे आईवडील खालच्याच मजल्यावर आहेत. रस्ते अरुंद आहेत, फुटपाथ असला तरी चालायला मोकळा नसतो. बाबागाडी चालवता येणार नाही, मूल कडेवरच घ्यावं लागतं.

एजंट तुम्हाला एमआयडीसीचा निवासी भाग दाखवेल. रस्ते रुंद, झाडं मोठी, घरं ऐसपैस, मोह पडतो. पण तिथल्या रासायनिक कारखान्यांत २०१६ साली मोठा स्फोट झाला आणि मे २०२४ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा माणसं गेली, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. लहान मुलं घेऊन तिथे राहा, असं मी कुणालाच सांगणार नाही.

सेक्टरआठ:

तुमचं ऑफिस ऐरोलीत आणि ऐरोली यादीत तिसरी? इथे घर घेतलंत तर ऑफिसला रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. फडकेरोड यांनी म्हटलेला तापाचा फोन आला तर तुम्ही अर्ध्या तासात मुलाजवळ असाल. धाकटा सव्वा वर्षाचा असताना माझ्या मते हे सगळ्यात आधी बघायला हवं.

सिडकोने आखलेलं गाव असल्यामुळे सेक्टरात बाग किंवा मैदान असतं, बाजार पायी असतो. पाण्याची ओढाताण इतर उपनगरांच्या मानाने कमी, कारण महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. आमच्या गल्लीत सिडकोची जुनी बैठी घरं होती, त्यांचे आता दोन-तीन मजले झालेत. खाली मालक, वर भाडेकरू. घरमालकीण बहुधा सातारा-सांगलीकडची असते आणि दिवसभर ओट्यावर तिची नजर असते. भाडेकरूच्या मुलाला "डोक्याला टोपी घाल" असं सांगायला ती मागेपुढे बघत नाही. कुणाला हे आवडत नाही, पण तुम्हाला नेमकं हेच हवंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

खाडीकडे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. थंडीत फ्लेमिंगो आले की तिथून बोटीने बघायला नेतात. लेकीला जरूर न्या.

वाईट काय, तेही सांगतो. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे औद्योगिक पट्टा आहे आणि काही रात्री, जास्त करून थंडीत, तिकडून उग्र वास येतो. मुलाची छाती भरत असेल, वाफ द्यावी लागत असेल, तर रस्त्याजवळचे सेक्टर नकोतच, खाडीकडे सरका. गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, त्यातून मुलांचं क्रिकेट चालू असतं. तुमच्या मिस्टरांना ठाण्यात गाडी बदलावी लागेल. मध्ये दिघा गाव स्थानक झाल्यापासून गाडी तिथेही थांबते. ट्रान्सहार्बरच्या फलाटावरून पूल चढून जलद गाडीपर्यंत पोचणं सकाळी कष्टाचं आहे, पण रोज हजारो लोक करतात.

मिठागररोड:

दोनपाखरं, तुला अगं-तुगं करते, वयाने मोठी आहे. तुझ्यासारख्या कितीतरी जणी माझ्या दारात मूल सोडून गाडीला धावत गेल्यात.

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडजवळच्या एका गल्लीत माझं पाळणाघर होतं. १९९० च्या दशकात सुरू केलं, २०२० च्या टाळेबंदीत बंद झालं. माझ्याकडची पहिली मुलं आता स्वतः आईबाप झालीत आणि घर कुठे घ्यावं हे मलाच विचारतात. त्यांना सांगते तेच तुला सांगते. उपनगर बघू नकोस, गल्ली बघ. आणि तू गाडीत असशील तेव्हा त्या गल्लीत कोण असतं, ते बघ.

दुपारी चार ते संध्याकाळी साडेसात, एवढ्याच वेळाबद्दल बोलतेय. आईबाप वाटेत असतात आणि मुलं झोपून उठून, दूध पिऊन, पायाला भिंगरी लागल्यासारखी बाहेर पळतात. रात्री घर शांत आहे का, खिडकीतून डोंगर दिसतो का, हे मोठ्यांसाठी झालं. मुलाचं बालपण या साडेतीन तासांत जातं. ते चांगले गेले तर बाकीची गैरसोय मूल सहज सोसतं.

म्हणून घर बघायला रविवारी जाऊ नका. रविवारी बाप मंडळी खाली असतात, सगळ्याच गल्ल्या हसतमुख दिसतात. मधल्या वारी, सहाच्या सुमाराला, एजंटला न कळवता जा. फाटकापाशी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा. कुणी "कोण हवंय?" म्हणून विचारलं तर ती जागा चांगली. लोकांना आपल्या दाराशी कोण उभं आहे याची पर्वा आहे, असा त्याचा अर्थ. कुणीच विचारलं नाही तर तुझ्या मुलीबरोबर कुणी अनोळखी माणूस चालला असतानाही कुणी विचारणार नाही.

आमच्या जिन्याखाली इस्त्रीवाला बसायचा. कपड्यांच्या गठ्ठ्यांवर त्याने कुणाचंच नाव कधी लिहिलं नाही, पण कुठलं मूल कुठल्या मजल्यावरचं आणि ते कुणाबरोबर बाहेर जातं, हे त्याला पाठ. दुसऱ्या मजल्यावरचा तीन वर्षांचा मुलगा एकदा कुल्फीवाल्याच्या घंटेमागे फाटकाबाहेर गेला. आजी वरून हाका मारतेय, तिला जिना उतरवत नाही. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली, तसाच अनवाणी धावला आणि नाक्यावरून त्याला कडेवर घेऊन आला. मग कुल्फीवाल्यालाच परत बोलावलं आणि पोराला कुल्फी घेऊन दिली, "आता फाटकाच्या आत उभं राहून मागायची" असं बजावून. त्या माणसाला कुणी पगार देत नव्हतं मुलं सांभाळायला. अशी माणसं जिथे बसतात ती जागा शोध. कुठे तो वाणी असतो, कुठे पिठाच्या गिरणीवाला, कुठे पोळीभाजी केंद्राची बाई. गिरणीवर तर जाच, दळण ठेवून वाट बघणाऱ्या आज्या अर्ध्या तासात सगळ्या गल्लीची माहिती देतात.

सोसायटीचा फलक वाच. "आवारात मुलांनी खेळू नये, सायकल चालवू नये, चेंडू आढळल्यास जप्त करण्यात येईल" अशी पाटी दिसली तर घर कितीही सुंदर असलं तरी खाली उतर आणि पुढच्या इमारतीकडे चालू लाग. ज्यांनी ही पाटी लावलीय ते तुझ्या मुलीशी रोज भांडणार आहेत.

आता मुलुंड पूर्वेबद्दल. एका अंगाला रेल्वे आणि दुसऱ्या अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग, मध्ये आमची वस्ती. आतल्या गल्ल्यांतून पलीकडे कुठे जायची वाट नसल्याने परक्या गाड्या फारशा घुसत नाहीत, येतो तो बहुतेक इथलाच. पाच वर्षांचं मूल हात धरून रस्त्याने चालवता येतं ते याच कारणाने. चिंतामणराव देशमुख उद्यान आहे, संभाजी पार्क आहे, स्टेशन बहुतेकांना पायी. मराठी घरं भरपूर, गुजराती आणि दाक्षिणात्यही आहेत. माझ्या पाळणाघरात मुलं एकाच ताटात ढोकळा आणि इडली खाऊन मोठी झाली.

उणं काय? महामार्गाच्या पलीकडे कचराभूमी आहे. तिथे नवा कचरा टाकणं २०१८ साली थांबलं, तरी त्या बाजूचं घर बघायला गेलीस तर संध्याकाळी आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर जाऊन ये. मिठागरं आणि खाडी जवळ म्हणून डास आहेत, धाकट्याला मच्छरदाणी लागेलच. ठाण्याला जाणाऱ्या जलद गाड्या मुलुंडला थांबतात, पण ठाण्याच्या पुढे कल्याणकडे जाणाऱ्या बहुतेक थांबत नाहीत, हे तुझ्या नवऱ्याला सांग. ४० हजारांत नव्या टॉवरमध्ये दोन खोल्या-हॉल मिळणं अवघड. जुन्या इमारतीत, लिफ्टविना तिसरा मजला, असं मिळू शकेल. पाळणाघराच्या आधी मीही तशाच घरात दोन मुलं वाढवली. जिना मुलांना काही करत नाही, आईच्या गुडघ्यांना करतो.

पाळणाघर निवडताना खेळण्यांचं कपाट बघू नकोस. दुपारी एक वाजता न सांगता जा. त्या वेळी मुलं जेवून आडवी होत असतात आणि बाई दमलेली असते. दमलेली बाई रडणाऱ्या मुलाशी कशी बोलते ते ऐक, पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. मुलं झोपतात त्या खोलीत कुणी मोठं माणूस बसलेलं असतं का, टीव्ही चालू असतो का, ते बघ. आणि न्यायला आलेल्या माणसाच्या हाती मूल देताना त्या काय करतात, ते विचार. माझ्याकडे प्रत्येक मुलाची वही होती, त्यात ने-आण करणाऱ्यांची नावं आईच्या हातची लिहिलेली. वहीत नाव नसलेला सख्खा मामा आला तरी आईशी फोनवर बोलल्याशिवाय मूल द्यायचं नाही. एक मामा चांगलाच रागावला होता. त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली.

आणि बालरोगतज्ज्ञ पायी जाण्यासारखा हवा, रात्री नऊपर्यंत बसणारा. मुलांचा ताप संध्याकाळी चढतो.

घोडबंदरकर:

मिठागररोड काकू, तुमचं बरंचसं पटलं, पण टॉवरवर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. आम्ही नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतून घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलात आलो ते मुलांसाठीच. नौपाडा मला प्राणापेक्षा प्रिय आहे. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय, गडकरी रंगायतन, तलावपाळी, उत्तम शाळा, सगळं तिथे. पण आमच्या आवारात हळूहळू इतक्या गाड्या झाल्या की मुलांना उभं राहायला जागा उरली नाही, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की थेट दुचाकी.

इथे वाहनं तळघरात आणि वरचा सगळा पोडियम फक्त माणसांसाठी. माझी मुलगी पाच वर्षांची असल्यापासून एकटी खाली उतरते. संध्याकाळी पोडियमवर पोरांचा असा कल्लोळ असतो की सातव्या मजल्यावर फोनवर बोलता येत नाही. आज्यांचा कट्टा आहे, भोंडला होतो, संक्रांतीला बोरन्हाण सगळ्या लहानग्यांचं एकत्र होतं. चांदिवलीत दोनपाखरं यांना जे मिळालं नाही ते टॉवर असल्यामुळे, असं मला वाटत नाही. तिथे भाडेकरू दर ११ महिन्यांनी बदलत असतील, तर ओळखी होणार कशा? तेव्हा संकुलात स्वतःच्या घरात राहणारे किती आणि भाड्याने किती, हे वॉचमनला विचारा. त्याला अचूक माहीत असतं.

घोडबंदर रोडचं दुखणं म्हणजे तो रस्ता. अवजड वाहनं, मेट्रोचं काम, पावसाळ्यात खड्डे. ठाणे स्टेशन गाठायला कधी वीस मिनिटं तर कधी तास. दादरला रोज जाणाऱ्या माणसाने इथे राहू नये, असंच मी म्हणेन. माझा नवरा घरून काम करतो म्हणून आम्हाला जमतं.

दोनपाखरं:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. घोडबंदरकर, आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी तीन दोन वर्षांत बदलली, त्यामुळे तुमचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

तूर्त मुलुंड पूर्व आणि ऐरोली, दोनच ठेवलेत. दोन शंका आहेत. मुलुंडला जुन्या इमारती म्हटलं की पुनर्विकास आलाच. घर लावलं आणि सहा महिन्यांत रिकामं करा म्हणाले तर? लेकीची शाळा, पाळणाघर, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसरं, तिला मराठी माध्यमात घालायचं आमच्या मनात आहे. गल्लीतली बाकीची मुलं इंग्रजी शाळेत गेली तर ती एकटी पडेल का?

मिठागररोड:

पुनर्विकासाची शंका अगदी बरोबर आहे. आमच्याकडे एकेका गल्लीत दोन-दोन इमारती पाडलेल्या आहेत, धूळ आणि ट्रक आहेतच. म्हणून आपली इमारत आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या, अशा तिन्हींची चौकशी कर. मालक सांगेल त्यावर जाऊ नकोस, सेक्रेटरीला भेट. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्याप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. त्यामुळे "सगळे तयार कुठे आहेत, अजून वेळ आहे" असं कुणी म्हणालं तरी गाफील राहू नकोस. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का, आर्किटेक्ट किंवा सल्लागार नेमलाय का, व्यवहार्यता अहवाल आलाय का, विकासक ठरलाय का, असं पायरीपायरीने विचार. नुसत्या गप्पा चालू असतील तर तुझी दोन-तीन वर्षं निघण्यासारखी आहेत. विकासक ठरला असेल तर ते घर सोडून दे, कितीही आवडलं तरी.

करार नोंदवूनच घे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. शाळेत पत्त्याचा पुरावा मागतात तेव्हा तोच कामाला येतो.

मराठी माध्यमाचं म्हणशील तर, मुलं खेळताना माध्यम विचारत नाहीत. माझ्याकडे दोन्ही माध्यमांची मुलं होती. लपंडावात राज्य कुणावर यावरून भांडणं व्हायची, ती सगळी मराठीत, गुजराती मुलांचीसुद्धा. मूल एकटं पडतं ते शाळेची बस अंधार पडता पडता आणून सोडते तेव्हा. तोवर बाकीच्यांचा खेळ अर्धा झालेला असतो. म्हणून शाळा कुठल्याही माध्यमाची घे, पण पायी जाण्यासारखी घे. मुलुंड पूर्वेला मराठी शाळा आहेत. वर्गात मुलं किती आहेत ते स्वतः जाऊन बघ, शिक्षिकेशी बोल आणि मगच ठरव. आनंदाने घाल, भीतभीत घालू नकोस. आईच्या मनातली शंका मुलाला बरोब्बर कळते.

आणि घर बघायला सासूबाईंना बरोबर ने. साडेचार वाजता त्या घरात असणार आहेत, तू नाहीस. जिना त्यांना चढवतो का, खाली टेकायला कट्टा आहे का, देऊळ किती लांब, तिथल्या बायका त्यांच्याशी बोलतात का, हे त्यांना बघू दे. त्या रमल्या तर चारऐवजी आठ महिने राहतील, आणि आजी रोज खाली बसली की नातवंडांच्या ओळखी आपोआप होतात.

दोनपाखरं:

काकू, हे शेवटचं नवऱ्याने दोनदा वाचलं आणि लगेच चिपळूणला फोन लावला. शिमगा झाल्याशिवाय त्या गाव सोडणार नाहीत, पण पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी निघते म्हणाल्या. तोवर आम्ही दोघं मधल्या वारी जाऊन गल्ल्या बघून ठेवतो. सेक्टरआठ, मुलुंड पूर्वेला घर घेतलं तर मला ऐरोलीला जायला काय सोपं पडेल? आणि तुमच्या गल्लीत कुणाचा वरचा मजला रिकामा होणार असेल तर नक्की कळवा.

सेक्टरआठ:

मुलुंडहून ऐरोली पुलावरून थेट रस्ता आहे. बस मिळाली की झालं, रिक्षा बोलीवर येतात. स्वतःची गाडी असेल तर आता टोलही नाही, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना माफ आहे. ट्रेनने यायचं तर ठाण्याला उलटं जाऊन बदलावं लागेल, पण सकाळी त्या दिशेला गर्दी कमी असते. संध्याकाळी सहानंतर पुलावर वाहनं साचतात, म्हणून साडेपाचला निघता येईल अशी वेळ ऑफिसात मागून घ्या.

वरच्या मजल्याचं आमच्या गल्लीत विचारतो. समोरच्या घरातलं बिऱ्हाड मुलांच्या परीक्षा झाल्या की कऱ्हाडला परत जायचं म्हणतंय. मालकीणबाई भाडेकरू स्वतः बघून घेतात आणि लहान मुलं असलेली घरं त्यांना आवडतात. नंबर मिळाला की तुम्हाला निरोपातून पाठवतो.